मजल दरमजल

'मजल दरमजल करीत' हा शब्दप्रयोग आपण सर्रास करतो. बखरींतल्या फौजा मजल दरमजल करीत येतात, गोष्टींतले राजपुत्रही तसेच येतात. यातली 'मजल' म्हणजे अरबीतली 'मंझिल'. हिंदी चित्रपटांतल्या गाण्यांनी आपल्याला मंझिल म्हणजे पोचायचे ठिकाण असे शिकवले. अरबीत तिचा मूळ अर्थ आहे उतरण्याची जागा. घोड्यावरून, उंटावरून खाली उतरायचे, ओझे सोडायचे, पाठ टेकायची, ती जागा. माणूस आणि जनावर एका दिवसात धडपणे जेवढे चालतील तेवढे चालले की मंझिल येई. आपल्या घराचा 'मजला' हाही याच घराण्यातला शब्द. तेव्हा आपले पूर्वज रस्ता मोजत ते विसाव्यांच्या मापाने, हे ध्यानात घ्यायचे.

शब्द उकलत बसणे हा माझा धंदाच आहे, पण आज हे सांगतो आहे ते कवितेसाठी नव्हे. शाळांना सुट्टी लागली, लग्नसराई आली, गणपती, ईद, दिवाळी आली की आपल्याकडची असंख्य कुटुंबे रात्रीचे जेवण उरकून गाडीत बसतात. सकाळच्या चहाला गावी पोचायचे, असा बेत. रात्री गर्दी नाही, ऊन नाही, मुले झोपून जातात, रजेचा दिवस वाचतो. हिशेब अगदी चोख. फक्त मागच्या सीटवर सगळे झोपलेले असताना एकटा माणूस चाकामागे जागा असतो, आणि तो सकाळपासून जागा असतो. आपल्या रस्त्यांचा इतिहास चाळताना मला या माणसाची फार काळजी वाटू लागली.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. आपल्या दानधर्माची यादी त्याने दगडावर कोरून ठेवली आहे. गाई दिल्या, गावे दिली, हे ओघाने आलेच. पण भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, नाशिकजवळचे गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे आपले नालासोपारे, या चार ठिकाणी वाटसरूंसाठी चौसोपी निवारे बांधले, हेही त्यात आहे. तापी, दमण, डहाणूच्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, विहिरी आणि तळी केली, असेही तो सांगतो. राज्यकर्त्याच्या कीर्तीत वाटसरूची झोप मोजली जात होती!

हा धागा पुढे तुटला नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दिल्लीहून दौलताबादेला आला. चाळीस दिवसांची ती वाट, दुतर्फा झाडे, बागेतून चालल्यासारखे वाटावे अशी, आणि टप्प्याटप्प्याला प्रवाशाची सोय, असे त्याने लिहून ठेवले आहे. सोळाव्या शतकात शेरशहा सूराने अवघ्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत जे रस्ते केले, त्यांतला एक आग्र्याहून बुऱ्हाणपूरला, म्हणजे आपल्या दख्खनच्या उंबऱ्यापर्यंत येत होता. दर दोन कोसांवर एक सराई, हिंदूंची आणि मुसलमानांची राहण्याची सोय वेगवेगळी, दारात पाण्याचे रांजण. हिंदू वाटसरूंना थंड आणि गरम पाणी, अंथरूण, अन्न देण्यासाठी ब्राह्मण नेमलेले. अब्बासखान सरवानी हा इतिहासकार अशा सतराशे सरायांचा आकडा देतो. आकड्यात थोडी दरबारी मिठास असेल, ती सोडून देऊ. दोन कोस म्हणजे साधारण सहा-साडेसहा किलोमीटर. इतक्या जवळ जवळ सराई कशाला, असे आपल्याला वाटते. पण थकवा कोणत्या कोसावर गाठेल हे आधी कोण सांगणार? वाटसरूने सराई गाठायची नाही, सराईने वाटसरूला गाठायचे, असे ते गणित आहे.

छत्रपती संभाजीनगरातली, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेतली पाणचक्की तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. शाळेच्या सहलीत हौदातले मासे पाहून आपण परत येतो. ज्यांच्या दर्ग्यात ती उभी आहे त्यांचे नावच बाबा शाह मुसाफिर. डोंगराकडून मातीच्या नळांनी पाणी आणून ते उंचावरून सोडायचे, त्यावर चक्की फिरवायची आणि त्या पिठाची भाकरी फकिरांना, विद्यार्थ्यांना, वाटसरूंना घालायची, अशी ती व्यवस्था. बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीला नाना फडणविसांनी शंकराचे देऊळ आणि तळे बांधले. घाट चढण्याआधी थांबा, पाणी प्या, बैल सोडा. अहिल्याबाई होळकरांच्या धर्मशाळा आणि विहिरी तर काशीपासून रामेश्वरापर्यंत. देवधर्म निरनिराळे, पण थकलेल्या माणसाला पुढे ढकलू नये याबद्दल सगळ्यांचे एकमत दिसते. आमच्या धर्मशास्त्रात मुसाफिराला चार रकातींच्या जागी दोनच रकातींची नमाज आहे, रमजानचे रोजे पुढे ढकलण्याची मुभा आहे. हनफी परंपरेत मुसाफिर कोणाला म्हणायचे याचे मापही तीन मजलांचे!

आणि हे सारे जुने झाले असेही नाही. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पाहा. सकाळचा विसावा, दुपारचा विसावा, रात्रीचा मुक्काम, सगळे ठरलेले. पुण्याहून सासवड ही सर्वांत लांबची चाल, त्यात दिवेघाटाची चढण. म्हणून सासवडला पालखी एक रात्र थांबून दुसऱ्या दिवशी निघत नाही. तिथे मुक्काम दोन रात्रींचा. पाय दुखणार हे गृहीत धरून ही आखणी केलेली आहे. वारीत कधी कोणी 'यंदा आम्ही न थांबता गेलो' अशी बढाई मारल्याचे मी ऐकलेले नाही. आमच्या नात्यात मात्र एक जण आहेत. आठशे किलोमीटर एका दमात मारल्याचे ते दर लग्नात सांगतात, आणि ऐकणाऱ्यांत तरणी मुले असतात.

तुम्ही म्हणाल, पूर्वी रात्री कोणी प्रवास करतच नव्हते काय? करत होते. गावाच्या वेशीचा दरवाजा दिवेलागणीला बंद होई, वाटेवर चोर आणि जनावरे, म्हणून शक्यतो टाळत. पण उन्हाळ्यात रात्रीचीच वाट धरावी लागे. इंग्रज अमदानीत डाकेची पालखी रात्रीची निघे. पुढे मशालजी तेलाची मशाल घेऊन, आत साहेब झोपलेला, आणि भोई ठरावीक टप्प्यावर बदललेले. टांग्याची डाक असली तर घोडे बदलत. ज्याचे अंग राबते तो बदलायचा, बसलेल्याने हवे तर झोपावे, हा नियम.

माझे आजोबा कापसाची गाडी घेऊन जालन्याच्या बाजाराला रात्रीचे जात. जुवाखाली कंदील टांगलेला, घुंगरांचा एकच ठेका, आणि आजोबा कापसावर गाढ झोपलेले. हे ऐकून लहानपणी मला फार नवल वाटे. पण त्यात धाडस काही नव्हते. वाट बैलांना पाठ होती. समोरून गाडी आली तर बैल बाजूला होत, ओढा आला तर थांबत, आणि थांबले की आजोबांना जाग येई. त्या गाडीत झोपणारा एक आणि जागणारे दोन होते. मोटार आली आणि ते दोन जागे जीव गेले. इंजिनाला वाट ठाऊक नसते. त्याचा एकसुरी आवाज तर अंगाईसारखा चाकामागच्या माणसालाच जोजवत असतो.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. पुढे एसटीची रात्रीची सेवा सुरू झाली आणि तिला नाव मिळाले रातराणी. सरकारी खात्याने दिलेले इतके सुंदर नाव मला दुसरे आठवत नाही. पण रातराणीमागे पाळीचे वेळापत्रक, डेपो, चालकांची विश्रांतिगृहे होती. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने साधारणपणे दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. कायदा पाळला किती गेला हा वेगळा विषय. निदान पगारी चालकाला झोप लागते, हे कायद्याने मान्य केले होते. घरची गाडी चालवणाऱ्या बापाला, भावाला, जावयाला असा कायदा नाही. तो शुक्रवारी सकाळी सहाला उठतो, दिवसभर कचेरी करतो, बॅगा भरतो, टपावर सामान बांधतो आणि रात्री अकराला गाडी सुरू करतो. तेव्हाच त्याला जागून सतरा तास झालेले असतात.

हा सतरा तासांचा आकडा मी मुद्दाम घेतला आहे. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी माणसांना जागे ठेवून त्यांच्या हाता-डोळ्यांचा मेळ तपासला. सतरा तास जागलेल्या माणसाची अवस्था शंभर मिलिलिटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसासारखी झाली, आणि चोवीस तास जागल्यावर त्याच्या दुपटीसारखी. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्याला मर्यादा आहे तीस मिलिग्रॅमची. म्हणजे ज्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही, असा आमचा पापभीरू जावई, सासूबाईंना मागे बसवून, दारुड्याच्या हातांनी गाडी चालवत असतो. नाक्यावरच्या पोलिसाने त्याला फुंकर मारायला लावली तरी यंत्र काही बोलणार नाही.

त्यातही पहाटे दोन ते पाच-सहा ही वेळ सर्वांत वाईट. शरीराचे स्वतःचे घड्याळ तेव्हा माणसाला झोपेकडे ओढते. आदल्या रात्री चांगली झोप झालेली असली तरी ओढते. डुलकी चार सेकंदांची असते, आणि ती लागली हे पुष्कळदा लागणाऱ्यालाही कळत नाही. ताशी शंभरच्या वेगाने गाडी चार सेकंदांत एकशे अकरा मीटर जाते. कबड्डीची आठ मैदाने एकापुढे एक लावा, तेवढे अंतर कोणीही गाडी चालवत नसते.

मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि ५ जून २०२५ ला सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. वेग आधी आला. विसाव्याच्या सोयी सुरुवातीला पुऱ्या झालेल्या नव्हत्या. शेरशहाने हे उलट केले असते असे मला वाटते. १ जुलै २०२३ रोजी रात्री दीडच्या सुमारास सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, पंचवीस माणसे गेली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ एक लहान प्रवासी गाडी पुढच्या ट्रकवर आदळली आणि बारा जण गेले. सैलानी बाबांचे दर्शन घेऊन नाशिकला परतणारी ती कुटुंबे होती. या अपघातांची कारणे निरनिराळी. झोपेलाच बोल लावावा असे मी म्हणत नाही. वेळ मात्र पाहा. आणि सैलानीची वाट हिंदू-मुसलमान दोघांचीही आहे, पिढ्यान् पिढ्या. त्या वाटेवर पूर्वी माणसे मुक्कामाला थांबत.

मग करायचे काय? जुन्या लोकांनी केले तेच, आजच्या साधनांनी. शक्य असेल तर रात्री अकराला निघण्याऐवजी लवकर झोपून, पुरी झोप घेऊन पहाटे पाचला निघावे. सहा तास उशीर होतो, बाकी काही होत नाही. रात्रीच निघायचे असेल तर चालवणाऱ्याने दुपारी झोपावे आणि सामान दुसऱ्यांनी भरावे. भोई बदलत तसे चालवणारे दोन असावेत, दर दोन तासांनी बदलणारे. शेजारच्या सीटवर जो बसेल त्याने बैलांचे काम करायचे आहे, तेव्हा त्याने घोरू नये. वाटेतल्या गावी लॉजमध्ये एक खोली घेतली तर फार पैसे जात नाहीत. मुलांना ती रात्र गंमतीची वाटते.

काच खाली करून वारा घेणे, मोठ्याने गाणी लावणे, मिरची चावणे, हे उपाय सगळ्यांना ठाऊक आहेत. वारा आणि गाणी यांची इंग्लंडमध्ये प्रयोग करून परीक्षा घेतली गेली. फायदा अगदी थोडा आणि थोडाच वेळ टिकणारा निघाला. मिरचीकडून मला तरी अधिक आशा नाही. झोपेवर उपाय झोपच. डोळे चुरचुरू लागले, गेले दोन किलोमीटर कसे गेले ते आठवेनासे झाले, की गाडी थांबवायची. पण रस्त्याच्या कडेला नव्हे. रात्री मुक्काम करताना वाट सोडून बाजूला उतरावे, कारण त्या वाटेने जनावरे जातात, अशी शिकवण आमच्या हदीसमध्ये आहे. आजच्या वाटेने चाळीस टनांचे ट्रक जातात. तेव्हा पेट्रोलपंप, उजेडातला धाबा, विसाव्याची जागा शोधावी, इंजिन बंद करावे, काच बोटभर उघडी ठेवावी. आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी कडक चहा किंवा कॉफी, मग लगेच पंधरा-वीस मिनिटांची झोप. चहा-कॉफीचा परिणाम व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे जाग येते तेव्हा दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. उठल्याबरोबर मात्र किल्ली फिरवू नये. खाली उतरावे, तोंडावर पाणी मारावे, पाच-दहा मिनिटे पाय मोकळे करावेत. मागच्या सीटवरून कोणी 'आलो का?' असे विचारले तर 'मजल आली' म्हणावे, आणि त्यांना पुन्हा झोपू द्यावे.