जुन्या वाहनांतील ऑक्सिजन संवेदकाची तपासणी

ऑक्सिजन संवेदक (गॅरेजमधील प्रचलित शब्द: ऑक्सिजन सेन्सर, अन्य नाव: लॅम्डा संवेदक) हा पेट्रोल इंजिनाच्या धूरनळीत बसवलेला, धुरात उरलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण विद्युतदाबाच्या रूपाने कळवणारा भाग होय. या संकेतावरून इंजिनाचे नियंत्रक यंत्र इंधनाचे प्रमाण कमी-अधिक करते. जर्मनीच्या बॉश कंपनीने विकसित केलेला हा संवेदक १९७६ मध्ये व्होल्व्होच्या मोटारींत प्रथम वापरला गेला. कार्ब्युरेटर असलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांत तो नसतो.

कार्यतत्त्व

सामान्य प्रकारात झिर्कोनियम डायऑक्साइडची टोपी असते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावर ती बाहेरील हवा आणि धूर यांतील ऑक्सिजनच्या फरकानुसार विद्युतदाब निर्माण करते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने १ भाग इंधनामागे सुमारे १४.७ भाग हवा लागते. इंधन अधिक झाल्यास (सधन मिश्रण) सुमारे ०.९ व्होल्ट, हवा अधिक झाल्यास (विरल मिश्रण) सुमारे ०.१ व्होल्ट दाब मिळतो. निरोगी संवेदकाचा संकेत या दोन टोकांमध्ये सतत हेलकावत असतो.

तपासणीची पद्धत

१. संवेदकाच्या तारा, जोडणी व धूरनळीचे सांधे पाहावेत. नळीला फट असल्यास बाहेरची हवा आत शिरून मिश्रण विरल असल्याचा खोटा संकेत मिळतो.

२. इंजिन नेहमीच्या तापमानाला येऊ द्यावे. जोडणी न सोडता डिजिटल मल्टिमीटर संकेताच्या तारेला जोडून २ व्होल्ट डीसी पट्टा निवडावा. या तारेवर टेस्ट लॅम्प लावू नये किंवा तिचा रोध मोजू नये. त्याने संवेदक बिघडू शकतो.

३. इंजिनाचे फेरे मिनिटाला सुमारे २,००० ते २,५०० ठेवून आकडे पाहावेत. ते ०.४५ व्होल्टच्या वरखाली झपाट्याने फिरले पाहिजेत.

४. आकडा एका जागी अडकल्यास निर्वाताची एखादी बारीक नळी क्षणभर काढावी, दाब ०.२ व्होल्टच्या खाली उतरला पाहिजे. हवेचा मार्ग अंशतः झाकल्यास तो ०.८ च्या आसपास चढला पाहिजे.

५. चार तारांच्या संवेदकात बहुधा एकाच रंगाच्या दोन तारा तापकाच्या असतात. इंजिन थंड असताना जोडणी सोडून त्यांमधील रोध मोजावा. तो अनंत आल्यास तापक तुटलेला आहे.

निष्कर्षातील सावधगिरी

चौथ्या पायरीत संवेदकाने त्वरित प्रतिसाद दिल्यास तो चांगला असून दोष अन्यत्र आहे. स्पार्क प्लग चुकल्यास न जळलेला ऑक्सिजन धुरात येतो व संकेत विरल दिसतो. इंजेक्टर गळत असल्यास तो सधन दिसतो. अशा वेळी संवेदक बदलणे हा निव्वळ भुर्दंड ठरतो. सिलिकॉनयुक्त सीलंट, जळलेले तेल व शिसेयुक्त पेट्रोल यांमुळे मात्र संवेदक कायमचा निकामी होऊ शकतो. उत्प्रेरक परिवर्तकाच्या पुढे बसवलेल्या दुसऱ्या संवेदकाचा आकडा जवळपास स्थिर असणे हेच योग्य होय. टायटॅनिया व विस्तृत-पट्टा प्रकारांना ही पद्धत लागू नाही.

वनजिल्ह्यांतील महत्त्व

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा–अंधारी व्याघ्र प्रकल्पात पर्यटकांसाठी मारुती जिप्सी दीर्घकाळ वापरात राहिली. १९८५ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. त्यामुळे असलेली गाडी नीट राखण्याला महत्त्व आले. तिच्या आरंभीच्या प्रतिकृती कार्ब्युरेटरच्या, नंतरच्या इंधन-अंतःक्षेपणाच्या आहेत. म्हणून तपासणीपूर्वी इंजिनाचा प्रकार पाहावा. सावकाश चालणे व इंजिन चालू ठेवून थांबणे यांमुळे, विशेषतः तापक नसलेला संवेदक, पुरेसा तापत नाही व त्यावर काजळी साचू शकते. नाल्यांचे पाणी व खडबडीत रस्ते तारांना हानी पोहोचवतात.

बिघडलेल्या मिश्रणामुळे किंवा ठिणगी चुकल्यामुळे न जळलेले इंधन परिवर्तकात जळते आणि तो अतिशय तापतो. चंद्रपूर व गडचिरोलीच्या सागवनांत उन्हाळ्यात पाचोळ्याचा थर असतो. अशा पाचोळ्यावर तापलेली गाडी उभी केल्यास वणव्याचा धोका संभवतो. म्हणून तपासणी मोकळ्या, स्वच्छ केलेल्या जागी करावी. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वासहीन व प्राणघातक असतो.