नाशिकचे जोन्समास्तर

माहूरगडावर रेणुकेचं दर्शन घेऊन तुम्ही पायऱ्या उतरताय. तोंडात कुटलेला तांबूल, गुडघ्यांत कळ. शेवटच्या पायरीवर जरा जपून. पुढचं पाऊल नाशिकजवळच्या शरणपुरात पडणार आहे, आणि साल असेल १८६० च्या आगेमागे.

आधी कानांवर आदळतो घण. भात्यासमोर निखारे फुललेत, तापल्या लोखंडाची धग थेट तोंडावर येते. पलीकडे सुतारकाम चाललंय. ताज्या भुशाच्या वासानं तुम्हाला शिंक येते, तशी रंधा मारणारी पोरं हसतात. ही पोरं आफ्रिकेची. गुलाम म्हणून गलबतांत कोंबून नेत असताना इंग्रजी आरमारानं सोडवलेली, मुंबईत उतरवलेली आणि चर्च मिशनरी सोसायटीनं इथं आणलेली. जन्माची नावं कधीच मागं पडली. आता कुणी इस्माएल, कुणी जॉर्ज. याच शरणपुरात शिकलेला जेकब वेनराइट पुढं आफ्रिकेत लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूची नोंद झाडाच्या खोडावर कोरणार आहे. पण आज आपली गाठ विल्यम जोन्सशी आहे. मूळचा याओ जमातीतला हा मुलगा पुढं मास्तर होतो आणि मग अँग्लिकन पाद्री. मधल्या वाटेवर तुम्हालाही त्याच्याबरोबर चालायचंय.

१८६४. मुंबईचा धक्का सुटतो, सुक्या मासळीचा वास मात्र सुटत नाही. जोन्स आणि इस्माएल सेम्लर आफ्रिकेला निघालेत. पोट ढवळतंय, मीठ ओठांवर सुकतंय. पुढं मोम्बासा आणि तिथून आत डोंगरावर रबाई. गड चढायची सवय असलेल्या माहूरकराला ही चढण किरकोळ वाटावी, पण इथली दमट हवा अंगाला चिकटून बसते आणि घाम वाळायचं नाव घेत नाही. वर रेबमन नावाचे जर्मन मिशनरी राहतात. किलिमांजारोवरचं बर्फ यांनी पाहिलं आणि युरोपातल्या पंडितांनी त्यांना वेड्यात काढलं. पुढं त्यांची दृष्टी गेली. दैवाचा हा विनोद मला तरी हसवत नाही.

आता मास्तरांच्या वर्गात बसा. खाली मांडी घालून, खुर्ची मिळायची नाही. डोक्यावर नारळाच्या झावळ्यांचं छप्पर, त्यातून उन्हाचे कवडसे. शेजारचा मुलगा पाटीवर थुंकून हातानं पुसतो. पाठीमागून कुणीतरी पेन्सिल टोचतं. पोरं सुरात अक्षरं घोकतात, बाहेर कोंबड्या आणि मका कुटणाऱ्या बायकांचा दणका. वर्ग सुटला म्हणजे मास्तरांचं काम संपलं असं समजू नका. तापानं फणफणलेल्याला औषध, भांडणाचा निवाडा, संध्याकाळची प्रार्थना, रविवारी उपदेश. पाद्र्याची बहुतेक कामं या माणसाच्या अंगवळणी पडली आहेत. नाही तो फक्त झगा.

त्या झग्यासाठी किती वर्षं? मोम्बासाला पहिल्यांदा पाय लागल्यापासून मोजली तर एकवीस. एवढ्यात शरणपूर चालवलेले प्राइससाहेबही इकडे येऊन किनाऱ्यावर फ्रिअर टाउन वसवतात. नाव आपल्या मुंबईच्या जुन्या गव्हर्नराचं, बार्टल फ्रिअरचं. गोरे पाद्री येतात, तापानं मरतात किंवा मायदेशी परततात. चर्चनं एवढा वेळ का घेतला, हे बाकांवर बसलेल्यांनी विचारायला हवं होतं.

बाकांवरून आठवलं, सरकून बसा. १८८५ चा मे संपतोय, ट्रिनिटीचा रविवार आहे आणि चर्चमध्ये मुंगीला शिरायला जागा नाही. खोबरेल तेल, घाम, नव्या कापडाची खळ. तान्ही बाळं रडतायत. बिशप हॅनिंग्टन जमलेल्यांना विचारतात, या दोघांना दीक्षा देण्यात काही अडचण आहे का? तुमच्याही नकळत तुमचा श्वास अडकतो. कोणी उठत नाही. जोन्स आणि सेम्लर गुडघे टेकतात. बिशपचा हात एकेकाच्या डोक्यावर ठेवला जातो, हातांत नवा करार दिला जातो. दोघे डीकन झाले. ही पहिली पायरी, प्रीस्टपद पुढं मिळणार. तुमच्या शेजारची म्हातारी तुमच्या दंडाला एवढ्या जोरात धरते की वळ उठतो.

सत्काराबित्काराला वेळ नाही. जुलैत बिशप युगांडाकडे निघतात आणि जोन्सना सोबत नेतात. तुम्हीही डोक्यावर गाठोडं घ्या. दोनशेच्या आसपास हमाल, मसाई मुलुखातली रात्रीची थंडी, धुरकट पाणी. व्हिक्टोरिया सरोवराच्या अलीकडे बिशप पन्नासेक माणसं घेऊन पुढं जातात आणि बाकीच्यांना जोन्सच्या हवाली करतात. आठवडे जातात. मग मोजकी माणसं धापा टाकत परत येतात: बिशपना मारलं. उपाशी, भेदरलेल्या तांड्याला सांभाळत जोन्स माघारी फिरतात. १८८६ च्या फेब्रुवारीत तांडा रबाईला पोचतो तेव्हा पुढं निळं निशाण असतं आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘ईखाबोद’, म्हणजे वैभव गेलं.

अजून एक गर्दी पाहून घ्या. रबाईच्या आसपास मालकांकडून पळालेले गुलाम येऊन राहिलेत. ज्याला स्वतःला गुलाम म्हणून विकलं होतं, तो जोन्स त्यांना हाकलणार कसा? मालक मात्र हक्क सांगतायत, प्रकरण पेटतंय. शेवटी या किनाऱ्यावरच्या ब्रिटिश कंपनीचे मॅकेन्झी पैसे मोजून तडजोड करतात आणि १८८९ च्या पहिल्याच दिवशी सुटकेचे कागद वाटले जातात. सगळ्या मिशनवस्त्यांचे मिळून चौदाशेहून जास्त लोक. ढोल वाजतोय, धूळ नाकातोंडात जातेय, मागचा माणूस तुम्हाला ढकलतोय, आणि टेबलापाशी कोणीतरी तिसऱ्यांदा विचारतंय, नाव काय तुझं, मोठ्यानं सांग.