मुखपट्टी आणि श्रवण

नागपुरात कोविडचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. मेयो आणि मेडिकल ही शहरातील मोठी शासकीय रुग्णालये कोविडच्या कामाला लागली. तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया लांबल्या. श्रवणचाचणी बंदिस्त, ध्वनिरोधक खोलीत होते. हवेतून पसरणाऱ्या रोगात तीच खोली धोक्याची ठरली.

बहिरेपणाने जीव जात नाही, मग थांबायला काय हरकत? हरकत आहे. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाययोजना, असा बालकांसाठीचा क्रम आहे. ध्वनी ओळखणारे मेंदूतील मार्ग ऐकण्यातूनच घडतात. तो काळ परत येत नाही.

मुखपट्टीने दुसरी अडचण आणली. ओठ झाकले गेले, शिवाय ‘स’, ‘श’ यांसारख्या व्यंजनांतील उच्च कंप्रतेचे ध्वनी क्षीण झाले. आपण नकळत ओठ पाहून बोलणे समजून घेत होतो, हे अनेकांना तेव्हाच उमगले.

२०२० साली जन्मलेली मुले आता प्राथमिक शाळेत आहेत. वारंवार ‘काय?’ विचारणाऱ्या मुलाला दुर्लक्षी ठरवण्यापूर्वी त्याचे कान तपासून घ्यायला सांगावे. आणि फळ्याकडे तोंड करून बोलणारा शिक्षक अशा मुलासाठी मुखपट्टी बांधलेलाच असतो, हे लक्षात ठेवावे.