पायांकडून अक्षरांकडे

मंदबुद्धी मुलाच्या हाती पाटी देण्यापूर्वी त्यास शिडी चढावयास लावावे, हा विचार ज्याने पद्धतशीरपणे अमलात आणिला, त्या एदुआर सेगँचे नाव आपल्याकडे फारसे ऐकू येत नाही. माँटेसरीबाईंचे नाव मात्र घरोघर पोहोचले आहे. वस्तुतः बाईंनी आपले हे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले होते. सेगँचा ग्रंथ त्यांनी स्वहस्ते इटालियन भाषेत उतरवून काढला होता.

सेगँचा जन्म 1812 साली फ्रान्समधील क्लामसी येथे झाला. आव्हेरॉनच्या अरण्यात सापडलेल्या रानटी मुलास माणसांत आणू पाहणारे डॉक्टर इटार हे त्याचे गुरू. इटार यांचा भर ज्ञानेंद्रियांवर होता. सेगँ त्याच्याही अलीकडच्या पायरीवर उतरला. ज्या मुलास आपला हात हवा तेथे नेता येत नाही व हवा तेथे थांबविता येत नाही, त्यास डोळा तरी स्थिर कसा ठेविता यावा? म्हणून आधी स्नायू, मग इंद्रिये, त्यानंतर विचार, असा क्रम त्याने लाविला व 1846 साली तो ग्रंथरूपाने मांडिला. त्याच्या साधनांत एक झोपाळा आहे. त्याची बैठक इतकी रुंद, की पसरलेले पाय तीवरच टेकावेत. समोर भिंतीला फळी. मुलाने तळपायांनी फळीस रेटा द्यावा, मागे जावे, पुन्हा यावे. आपणांस येथे तालमीची आठवण होईल; परंतु तालमीला बळ हवे असते, सेगँला इच्छेची शरीरावर हुकमत हवी होती. 1848 च्या क्रांतीनंतर तो अमेरिकेस गेला, 1866 साली त्याने आपली पद्धती इंग्रजीत प्रसिद्ध केली आणि 1880 साली न्यूयॉर्क येथे त्याचा अंत झाला.

रोममध्ये माँटेसरीबाई अशाच मुलांना शिकवीत असता अकरा वर्षांच्या एका मुलीस काही केल्या शिवण येईना. सुई धाग्याच्या वरून व खालून न्यावयाची एवढेही साधेना. बाईंनी शिवण बाजूस ठेविले आणि तिला कागदाच्या पट्ट्यांची चटई विणावयास दिली. पट्टी एकदा वरून, एकदा खालून. काही काळाने सुई दिली, तो मुलगी शिवू लागली! हाच न्याय त्यांनी अक्षरांस लाविला. मुलांनी लाकडी अक्षरांवरून बोट फिरवावयाचे. त्यांतील काही मुले पुढे सामान्य शाळांच्या परीक्षा उतरली. (आमच्या धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरविली जात, ती काही सिद्धान्त ठाऊक असल्यामुळे नव्हे, पण बोट शहाणे होत असे खरे.) 1907 साली निघालेल्या त्यांच्या बालगृहाचे, आणि ताराबाई मोडक यांनी महाराष्ट्रात वाढविलेल्या बालवाड्यांचेही, एक मूळ या उपेक्षित मुलांच्या वर्गात आहे.

येथवरचा इतिहास सुखद आहे. पुढे मात्र दावे फार फुगले. विसाव्या शतकाच्या मध्यास फिलाडेल्फिया येथे डोमन व डेलाकाटो यांनी असे प्रतिपादन केले की, मुलास ठराविक रीतीने रांगविल्याने मेंदूची सुधारणा होते व वाचनाचे दोषही जातात. जे मूल स्वतः रांगू शकत नसे, त्याचे हातपाय मोठी माणसे मिळून हलवीत. दिवसातून अनेक वेळा, नित्यनेमाने. सेगँच्या झोपाळ्यावर रेटा मुलाचा होता, हा भेद मला लहान वाटत नाही. शिवाय चटईची गती ही शिवणाचीच गती होती व लाकडी अक्षरावरील गती लेखनाची. रांगणे आणि वाचन यांचे तसे नाते कोणी दाखवून दिलेले नाही. व्यायामाने मूल चपळ होईल, आनंदी होईल, हे निःसंशय. परंतु ज्यास वाचन अडते त्यास ध्वनी व अक्षर यांची सांगड सावकाश व पुनःपुन्हा घालून देणे, याला पर्याय नाही.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 1968 साली, व पुन्हा 1982 साली, या पद्धतीविरुद्ध इशारा दिला. तो केवळ शास्त्रीय पुराव्यापुरता नव्हता. असल्या उपचारास नकार देणाऱ्या आईबापांच्या मायेविषयीच शंका घेतली जावी, अशा रीतीने त्यांचा प्रचार होतो, ही तीत तक्रार होती.