ओळखांक, संगणक आज्ञावलींतील
संगणकावरील एखादी वस्तू, दस्तऐवज किंवा आज्ञावलीतील बदल निःसंदिग्धपणे दर्शविणारा अंकाक्षरसमूह. एकाच कार्यालयात असा क्रमांक देणे सोपे असते. नोंदवहीतील पुढचा आकडा घेतला की काम भागते. दूरदूरच्या ठिकाणी बसून एकच काम करणाऱ्यांना मात्र दर वेळी मध्यवर्ती नोंदवहीकडे धाव घेणे गैरसोयीचे ठरते. कोणालाही न विचारता तयार करता येईल आणि तरीही दुसऱ्याच्या ओळखांकाशी जुळणार नाही, असा ओळखांक कसा मिळवावा, हा या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

त्याचे एक उत्तर १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील अपोलो काँप्युटर या कंपनीने दिले. निर्मितीची वेळ आणि यंत्राचा स्वतःचा क्रमांक यांची तिने सांगड घातली. त्यातूनच पुढे १२८ बिटांचा यूयूआयडी हा ओळखांक रूढ झाला. त्याच्या पहिल्या प्रकारात सेकंदाचा एक कोटीवा भाग हे एकक धरून १५ ऑक्टोबर १५८२ पासून काळ मोजतात. हा ग्रेगरियन पंचांगाचा पहिला दिवस. पोपच्या पंचांगसुधारणेला संगणकात असे स्थान मिळावे, हे मौजेचे आहे.

या रचनेत यंत्राची ओळख उघड राहते. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मधील दस्तऐवजांत असा ओळखांक नकळत नोंदला जात असल्याचे १९९९ मध्ये उघडकीस आले. टीका झाल्यावर तो काढून टाकण्याचे साधन कंपनीने उपलब्ध केले. त्याच वर्षी मेलिसा या विषाणूचा उगम शोधताना तज्ज्ञांनी याच खुणेचा आधार घेतला. यूयूआयडीच्या दुसऱ्या एका प्रकारात १२२ बिटे यदृच्छया निवडली जात असल्याने यंत्राचा माग लागत नाही.

आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या दूरस्थ सहकार्यात याहून मोठा फरक गिटमुळे पडला. सबव्हर्जनसारख्या पद्धतीत बदलाचा अनुक्रमांक मध्यवर्ती कोठाराकडूनच मिळतो. लिनक्सचा गाभा रचणारे लोक जगभर विखुरलेले होते. ते वापरीत असलेल्या बिटकीपरची विनामूल्य परवानगी काढून घेतली गेली, तेव्हा एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी गिटची निर्मिती केली. त्यात बदलाचा ओळखांक मजकुरावरूनच गणिताने काढतात. त्यामुळे जालाशी संबंध नसतानाही काम नोंदविता येते व नंतर इतरांच्या कामाशी जोडता येते. यासाठी वापरलेली एसएचए-१ ही गणितपद्धती २०१७ मध्ये दोन भिन्न संचिकांना एकच मूल्य देताना दाखविण्यात आली. तेव्हापासून अशा फसव्या संचिका ओळखण्याची तपासणी गिटमध्ये आहे.

मूळ अडचण मात्र येथेही सुटलेली नाही. बदलाच्या नोंदीत कर्त्याचे नाव, ईमेल पत्ता आणि स्थानिक वेळेचा फरक येतो. भारतातून केलेल्या कामावर सामान्यतः +०५३० ही खूण उमटते. ओळखांक काढताना ही माहितीही जमेस धरली जाते. म्हणून जुन्या नोंदीतील नाव बदलल्यास तिच्यासह तिच्यावर आधारलेल्या पुढील सर्व नोंदींचे ओळखांक बदलतात, आणि सहकाऱ्यांच्या संगणकांवरील प्रतींत जुने नाव तसेच राहते.