केक आणि तवसळी

घरी अकस्मात आनंदाचा प्रसंग आला, तर दोन-तीन घटकांत केक सिद्ध होतो. परंतु ही सोय फार जुनी नव्हे. पूर्वी युरोपातही पीठ फुगविण्यासाठी आंबवण घालून तासन्‌तास थांबावे लागे, किंवा अंडी दीर्घकाळ घोटावी लागत. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीस अंडी व यीस्ट दोन्ही सोसत नसत. तिच्यासाठी त्यांनी १८३७ साली अंड्यावाचून कस्टर्ड आणि १८४३ साली बेकिंग पावडर तयार केली. सोडा व आम्ल ओलाव्यात एकत्र येताच वायू सुटतो आणि पीठ फुगते. अंडे वर्ज्य असलेल्या आपल्या घरांत दही आणि सोडा हेच कार्य करतात.

केक परका म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तवसळीचे स्मरण करावे. रवा, गूळ, खोबरे आणि किसलेले तवसे पातेल्यात घालून, खाली व झाकणावर निखारे ठेवून ती भाजीत. भट्टीवाचून भाजण्याची ही विद्या गोमंतकीय गृहिणीस पिढ्यान्‌पिढ्या अवगत होती. ऐन वेळी आलेल्या वाढदिवसाचा केक जाड बुडाच्या पातेल्यात भाजताना तिला नवे असे फारसे शिकावे लागत नाही.