कमरेच्या गाठीचा इतिहास

धोतर हे आपल्याकडील शेतकऱ्याचे पिढीजात वस्त्र. बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात, कळंबसारख्या गावी, वडीलधाऱ्यांच्या अंगावर ते शोभून दिसते. परंतु या साध्या वस्त्राचे नाव एका दुर्धर व्याधीलाही मिळाले आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

मुंबईत परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई या सहकारी संशोधिकेसमवेत १९४५ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. लोकांच्या चालीरीतींशी निगडित अशा तीन कर्करोगांचे त्यात वर्णन होते. त्यांपैकी एक धोतराचा कर्करोग.

धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळले की कमरेची त्वचा घासली जाते. प्रथम तिचा रंग बदलतो, मग ती जाड होते. क्वचित तेथे न भरणारा व्रण पडतो आणि त्यातून कर्करोग उद्भवतो. पुढे साडीच्या परकराची नाडी आवळल्याने स्त्रियांतही अशीच व्याधी आढळली.

व्रण लहान असता तो भोवतालच्या थोड्या निरोगी त्वचेसह कापून काढला की बहुधा भागते. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष झाले, तर रोग लसिकावाहिन्यांतून पसरतो. कमरेखालचा प्रवाह जांघेकडे, वरचा काखेकडे जातो. म्हणून शल्यचिकित्सक दोन्ही जागा चाचपून पाहतात. ग्रंथींत रोग शिरला असल्यास व्रणासोबत तेथील ग्रंथींचा समूहही काढावा लागतो. उघड्या जागेवर मांडीची त्वचा बसवतात. जांघेतील ग्रंथी गेल्यावर पाय कायमचा सुजण्याचा संभव असतो. गरजेनुसार पुढे किरणोपचारही देतात. रोग शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर गेल्यास शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे आता उपलब्ध आहेत. त्यांतील सेमिप्लिमॅबला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली.

याच रुग्णालयात गोमंतकीय शल्यचिकित्सक डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांनी कर्करोग्यांसाठी आयुष्य वेचले. परळचा रस्ता त्यांचे नाव सांगतो. वांद्र्यातील त्यांच्या स्मृतिगृहात दूरगावच्या रुग्णांना निवारा मिळतो.

खानोलकरांनी रोगाचे मूळ नित्याच्या वस्त्रात दाखवले, त्यामुळे त्याचा प्रतिबंधही आपल्याच हाती आला. गाठ सैल बांधावी, तिची जागा बदलत राहावी. कमरेवरचा व्रण महिनाभरात भरला नाही, तर संकोच न करता तो डॉक्टरांना दाखवावा. आपल्या घरातील आजोबांना आणि आजींना एवढे आवर्जून विचारावे.